गोठा, नीती आणि पाणथळ: 'एथॉलॉजी' या एका नोंदीचं काम

१० नोव्हेंबर, नाशिक

नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीच्या आसपासच्या शाळांसाठी आणि तिथल्या गाइड मंडळींसाठी आम्ही जी पुस्तिका करतो आहोत, तिच्या शेवटी पारिभाषिक शब्दांची यादी जाणार आहे. अधिवास, स्थलांतर, वीण, थवा हे शब्द झटपट निघाले. 'एथॉलॉजी'पाशी गाडं अडलं. जीवशास्त्राच्या मॅडमचं म्हणणं, 'प्राणिवर्तनशास्त्र' लिहा आणि पुढे चला, अर्थ बरोबर आहे. अर्थ बरोबर आहेच. पण संध्याकाळी १९१३ चा वेबस्टर कोश पाहिला, तर तिथे याच शब्दाचा पहिला अर्थ 'नीतीवरचा ग्रंथ, नीतिशास्त्र' आणि दुसरा 'स्वभाव कसा घडतो याचं शास्त्र'. प्राण्यांचं नावही नाही. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १९११ मध्ये, ऑस्कर हाइनरोथ या बर्लिनच्या पक्षितज्ज्ञाने बदकं-हंसांवरच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात हाच शब्द सरळ पक्ष्यांसाठी वापरला होता. एकाच वेळी एकच शब्द दोन घरांत नांदत होता.

ही नोंद मला दोन ओळींत उरकायची नाही. कारण आमच्याच मसुद्यात पानोपानी नीती भरली आहे. बगळा ढोंगी, कावळा लबाड, सुगरण कष्टाळू, टिटवी अभद्र, बिबट्या चोरटा. ज्या मुलांच्या हातात दुर्बीण देऊन आपण 'बघा' म्हणणार, त्यांना निकाल आधीच सांगून ठेवतो आहोत. या एका शब्दाने निकाल देणं सोडून बघायला सुरुवात कशी केली, ते नीट कळलं तर बाकीची पानंही सुधारता येतील असं मला वाटतं. मॅडम म्हणाल्या, "बघा मग, पण छपाईची तारीख ठरलेली आहे."

१४ नोव्हेंबर

सावानाच्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, वाचनकक्षात दिवस गेला. आज जे सापडलं ते या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं आहे असं मी आत्ताच लिहून ठेवतो.

मूळ ग्रीक शब्द 'एथॉस'. आपल्याला तो 'एथिक्स'मधून माहीत, म्हणजे शील, चारित्र्य. पण होमरच्या काव्यात हा शब्द अनेकवचनात येतो आणि त्याचा अर्थ असतो जनावरांच्या वस्तीच्या, सवयीच्या जागा. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस रणांगणाकडे निघतो तेव्हा उपमा आहे ती दावणीला बांधलेल्या, दाणा खाऊन मातलेल्या घोड्याची: तो दावं तोडून टापा आपटत मैदानातून धावतो, आणि त्याचे पाय त्याला घेऊन जातात ते घोड्यांच्या 'एथिआ'कडे आणि कुरणाकडे. 'ओडिसी'त डुकरं राखणारे गडी डुकरं रात्री झोपायला कोंडतात, त्या कोंडवाड्यालाही हाच शब्द. म्हणजे नीतीच्या आधी गोठा आहे. जनावर जिथे परत परत जातं ती जागा; मग ज्या रीतीने राहतं ती रीत; मग माणसाची रीत; मग त्याचा स्वभाव; आणि शेवटी शील. ॲरिस्टॉटलने नीतीवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात म्हटलं आहे की शील हे सवयीने अंगी येतं, आणि 'शील' व 'सवय' या दोन ग्रीक शब्दांत फरक आहे तो फक्त एका स्वराच्या लांबीचा.

घोड्याच्या त्याच ओळीतला 'कुरण' हा शब्द 'नोमॉस'. आघात पहिल्या स्वरावर आणला की तोच शब्द होतो 'कायदा'. एकाच ओळीत गोठा आणि कुरण, आणि दोन्हींपासून पुढे नीती आणि कायदा निघाले.

परत येताना रविवार कारंजाच्या गर्दीत रिक्षा अडकली आणि तेवढ्या वेळात हेच आपल्याकडे मोजत बसलो. 'चर्' धातू घ्या. चरणे, चारा, चराई. त्याच धातूपासून आचरण, आचार, चारित्र्य, सदाचार. गुरं चरतात आणि माणसं आचरतात. 'गोष्ठ' म्हणजे गाईंची जागा, त्यापासून आपला गोठा. आणि त्याच गोष्ठापासून माणसांची 'गोष्ठी', म्हणजे बैठक, बोलणं, आणि तिथून आपली 'गोष्ट'. 'गोचर' हे मुळात गाईंच्या फिरण्याचं, चरण्याचं क्षेत्र, मग इंद्रियांच्या आवाक्यातलं, आणि घरात कपाटं उपसणाऱ्या पोराला आजी म्हणते, "भारी अगोचर आहे हो." ग्रीक आणि संस्कृत हे दोन्ही लोक गुरं राखणारे होते, त्यांना वागण्याबद्दल बोलायला गोठ्यातलेच शब्द हाताशी सापडले. यात नवल नाही, पण आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

१७ नोव्हेंबर

आज थोडंच.

रोममध्ये 'एथॉलोगुस' म्हणजे माणसांच्या तऱ्हा हुबेहूब वठवून दाखवणारा नकलाकार, आपल्या बहुरूप्याच्या जवळचा. रोमचा वक्ता आणि विचारवंत सिसेरो वक्त्यांना बजावतो की विनोद करा, पण या लोकांसारखी नक्कल करत सुटू नका. ग्रीक 'एथिक'ला लॅटिन प्रतिशब्द म्हणून 'मोरालिस' हा शब्द बनवला तोही सिसेरोनेच, 'मोस' म्हणजे रीत, रूढी यापासून. आज जगभर चालणारा 'मॉरल' हा अशा रीतीने पारिभाषिक शब्दांच्या यादीतच जन्मला. आमच्या यादीचा मला आज जरा अभिमान वाटला.

२३ नोव्हेंबर

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने ज्याला मनापासून वाचलं तोच. १८४३ च्या त्याच्या तर्कशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथात, सहाव्या भागात, 'एथॉलॉजी' नावाच्या नव्या शास्त्राची मागणी आहे. मनाचे सर्वसाधारण नियम मानसशास्त्र देईल. त्यावरून अमुक परिस्थितीत अमुक स्वभाव का घडतो हे काढायचं काम या शास्त्राचं. एका माणसाचा स्वभाव, आणि राष्ट्राचाही. शिक्षण कसं असावं हे मग त्यावरून ठरेल.

मिलने हे शास्त्र स्वतः लिहायचं मनात घेतलं होतं. ते झालं नाही. वेबस्टरमध्ये जो दुसरा अर्थ आहे तो याचाच. एक मात्र नोंदवण्यासारखं: मिल 'चांगलं वागावं कसं' विचारत नाही, 'स्वभाव असा का झाला' विचारतो. शब्द अजून माणसापाशीच आहे, पण उपदेश सुटला आहे. पुढची वाट इथूनच मोकळी झाली असं माझं मत. मॅडमना हे पटलं नाही. त्यांच्या मते प्राण्यांकडचा रस्ता फ्रान्समधून वेगळाच आला आणि मिलचा त्याच्याशी संबंध जोडू नये. फ्रान्सचं वाचल्यावर बघू.

१ डिसेंबर, नांदूर मधमेश्वर

पहाटे निफाडमार्गे पोचलो. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तो हा फुगवटा; २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याची घोषणा झाली. धुकं साडेआठपर्यंत उठलं नाही. मनोऱ्याशी आमचे गाइड अण्णा भेटले, मफलर गुंडाळून, हातात चहाचा कागदी कप.

आज पाहायचे होते ते वारकरी. इंग्रजीत ज्याला कूट म्हणतात तो काळा पाणपक्षी. कपाळावर चोचीपासून वर चढत गेलेला पांढरा पट्टा, म्हणून आपल्या लोकांनी नाव दिलं वारकरी. निवृत्तिनाथांची दिंडी ज्या जिल्ह्यातून पंढरपूरला निघते तिथे हे नाव सुचणं साहजिकच आहे. आणि मसुद्यात कुणीतरी नावाला शोभेल असं वाक्यही लिहून टाकलं आहे: 'हा शांत, मिळूनमिसळून राहणारा पक्षी आहे.'

धुकं विरळ झालं आणि समोर पन्नासेक पावलांवर दोघांची जुंपली. आधी दोघंही मान पाण्यालगत लांब करून, पाठीवरचे पंख फुगवून एकमेकांवर चालून आले. मग दोघं शेपटीवर बसल्यासारखे मागे रेलले, पंख मागे टेकले आणि पाय वर काढले. वारकऱ्याच्या बोटांना पाळीसारख्या सपाट झालरी असतात, करड्या-हिरवट. त्या पायांनी एकमेकांच्या छातीवर लाथा, पाण्याचे शिंतोडे आमच्या बाजूच्या बेशरमीच्या झुडपांवर. एकाने दुसऱ्याला मानेला धरून पाण्याखाली दाबलं. तो सुटला आणि पाण्यावर पाय आपटत, अर्धा धावत अर्धा उडत, लांब गेला. बाकीचा थवा पाणवनस्पती उपटून खात राहिला.

अण्णा म्हणाले, "नाव वारकरी, पर रोज हाणामारी. विणीच्या टायमाला तर विचारूच नका, पोरांना पन टोचतेत."

हे खरं आहे. या पक्ष्यांचे आईबाप खायला मागणाऱ्या आपल्याच पिलांना डोक्यावर टोचतात, आणि घरट्यातली सगळी पिलं जगत नाहीत. युरोपातल्या वारकऱ्यांवर हे बारकाईने अभ्यासलं गेलं आहे. अन्न कमी पडलं की कमी पिलं नीट वाढवणं हे सगळी अर्धपोटी ठेवण्यापेक्षा पथ्यावर पडतं. आता 'शांत' खोडून 'भांडखोर' लिहायचं का? तोही निकालच. मी अण्णांना विचारलं, तुम्ही पोरांना काय सांगता? ते म्हणाले, "म्या सांगतो, पाय बघा. मान कशी केली बघा. मग कोन पळालं ते बघा." हे वाक्य जसंच्या तसं वारकऱ्याच्या पानावर घेतो आहे.

परतताना अण्णांनी बैलांचा विषय काढला. बाजारात बैल घेताना विचारतात तो मारका आहे का, बुजरा आहे का, गाडीला बसतो का. "नाठाळ म्हनलं की समजायचं मालकाला राग आलाय. मारका म्हनलं तर बैल काय करतो ते कळतंय." या फरकावर मी रात्री बराच वेळ विचार करत होतो. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथातही हे दोन्ही शेजारी शेजारी आहे: बैल सौम्य, रानडुक्कर तापट, कोल्हा कपटी, मोर मत्सरी, सिंह उदार. सौम्य आणि तापट हे बैलाचं आणि डुकराचं काहीतरी सांगतात. कपटी आणि उदार हे आपलं सांगतात.

८ डिसेंबर

फ्रान्स. मॅडमचं बरंचसं बरोबर आहे.

फ्रेंचमध्ये 'मर्स' (हा सिसेरोच्या 'मोस'चाच वंशज) म्हणजे माणसांच्या चालीरीती, नीतिमत्ता, आणि तोच शब्द निसर्ग अभ्यासक किड्यांच्या राहणीसाठीही बिनदिक्कत वापरत. फाब्रच्या कीटकांवरच्या प्रसिद्ध ग्रंथमालेच्या उपशीर्षकात किड्यांची उपजत बुद्धी आणि त्यांच्या 'मर्स' असंच आहे. मराठीत 'चालरीत' हा शब्द मधमाशीला लावला तर कानाला खटकणार नाही, तसंच. त्यामुळे ईझिदोर जॉफ्र्वा सँतिलेर याने १८५४ मध्ये प्राण्यांच्या नैसर्गिक परिस्थितीतल्या राहणीच्या, उपजत वृत्तींच्या अभ्यासाला 'एथॉलॉजी' म्हटलं तेव्हा फ्रेंच वाचकाला उडी मारावी लागली नाही. पॅरिसच्या संग्रहालयात भुसा भरलेली जनावरं आणि हाडं मोजण्याचं काम जोरात असताना, जिवंत जनावर जिथे राहतं तिथे जाऊन बघा, असं म्हणणारी ही बाजू होती.

पण नाव लगेच रुजलं नाही. १८६६ मध्ये जर्मनीत प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने 'इकॉलॉजी' शब्द काढला, जीव आणि त्याची भोवतालची परिस्थिती यांच्या संबंधांसाठी. पुढे फ्रान्समध्ये प्राणिशास्त्रज्ञ अल्फ्रेड जिआर 'एथॉलॉजी' वापरत होता तोही जवळपास याच अर्थाने. दोन शब्द, एकच शेत, बांध कुठे घालायचा याचा वाद. १९०२ मध्ये मुंग्यांचा अमेरिकी अभ्यासक विल्यम मॉर्टन व्हीलर याने 'सायन्स'मध्ये लेखच लिहिला: निसर्ग इतिहास म्हणायचं, इकॉलॉजी म्हणायचं की एथॉलॉजी? त्याचा कौल एथॉलॉजीला. कारण जनावराची सवय, वृत्ती, बुद्धी हे सगळं त्या ग्रीक शब्दात मावतं आणि 'इकॉलॉजी'त नुसतं घर मावतं. मुंग्यांकडे बघणाऱ्याला हे सुचावं हे मला फार योग्य वाटतं.

मिलला मात्र मी यादीतून काढणार नाही. दोन वाटा वेगळ्या आहेत, हे लिहू. पण दोन्हीकडे सुटलं ते एकच: उपदेश.

१५ डिसेंबर, चांदोरीच्या वाटेवर

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची रिकामी घरटी लोंबत होती. पावसाळ्यात इथे गजबज असते. चित्रकार दादांना फलकासाठी घरटं जवळून बघायचं होतं. पडलेलं एक हातात घेतलं: गवताच्या आणि पानांच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी दुसरीच्या खालून वर काढून ओढलेली, आणि आतल्या बाजूला चिखलाचे सुकलेले ठिपके. शेजारच्या फांदीवर काही घरटी अर्धीच होती, टोपीसारखी, खाली नळी नाही, अंड्यांची जागा नाही. दादा म्हणाले, "ही सोडून का दिली? आळस?"

उत्तर १९३० सालच्या पावसाळ्यातलं आहे. सलीम अली नुकतेच बर्लिनमधून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन परतले होते, हातात नोकरी नव्हती, अलिबागजवळ किहीमला राहत होते. घरासमोरच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी बसून नुसतं पाहिलं आणि टिपलं. विणतो तो नर. घरटं टोपीएवढं झालं की माद्या येतात, आत शिरून ओढूनताणून बघतात, आणि पसंत पडलं तर त्या नराबरोबर राहतात. मग तो नळी पूर्ण करतो. तिने अंडी घातली की तो जवळच दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जे अर्धं घरटं कुणाला पसंत पडत नाही ते तसंच राहतं. मादी आतला बिछाना करते, अंडी उबवते, पिलांना भरवते.

आपण नाव दिलं सुगरण. बाईचं नाव, गृहिणीच्या गुणाचं नाव, आणि हातखंडा मात्र नराचा. किती पिढ्या आपण हे घरटं दाखवून मुलींना कामाचा धडा दिला असेल. मला हे नाव बदलायचं नाही, ते आपल्या लोकांचं लाडकं नाव आहे. पण फलकावर पिवळ्या डोक्याचा नर चोचीत पट्टी धरून विणताना दिसलाच पाहिजे आणि खाली लिहिलं पाहिजे की विणणारा हा. मॅडमना विचारलं, नर मग 'बाहेरख्याली' म्हणायचा का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हेच तर मुलं विचारतात. आणि कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, पहिला नर अंडी उबवतो, तेव्हा वर्गात कुजबूज होते. तिथेच थांबून समजवायचं असतं." कमळपक्ष्याचं पान त्यांनाच लिहायला दिलं.

२२ डिसेंबर

हाइनरोथ ते टिनबर्गन. या नोंदीचा गाभा.

हाइनरोथने बदकं आणि हंस अंड्यातून वाढवून पाहिले आणि त्याच्या ध्यानात आलं की प्रणयातले मान झटकणे, चोच पाण्यात बुडवणे असे हावभाव त्या त्या जातीत ठरलेले असतात. चोचीचा आकार किंवा हाडं पाहून जसं नातं जुळवतात तसं या हावभावांवरून दोन जातींचं नातं जुळवता येतं. म्हणजे वागणं हाही शरीराचाच अवयव धरून अभ्यासायचा. इथे गोष्ट कायमची बदलली.

ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेंझने हे पुढे नेलं, आणि हॉलंडच्या निको टिनबर्गनबरोबर करड्या हंसाच्या अंड्यांचा प्रयोग केला. निबंध १९३८ चा. घरट्याबाहेर गेलेलं अंडं हंसी मान लांब करून चोचीखाली घेते आणि आत ओढते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी ओढण्याची ती हालचाल ती शेवटपर्यंत पूर्ण करते, चोचीखाली काही नसताना. मायेची गोष्ट म्हणून बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण त्यामुळेच कळलं की अंडं दिसणं हा एक चाप आहे आणि एकदा सुटलेली हालचाल आपल्या आपण पुरी होते. हंसीच्या मायेला याने काही उणेपणा येत नाही. ती कशाची बनलेली आहे एवढं कळतं.

टिनबर्गनने १९६३ मध्ये चार प्रश्न मांडले. पुस्तिकेत ते टिटवीवर बसवले आहेत. टिटवी रात्री ओरडली की अभद्र, असं आमच्या गावाकडे आजही म्हणतात. प्रश्न असे: आत्ता कशामुळे ओरडली? (कुत्रं, माणूस, घार, काय जवळ आलं?) हे ओरडणं आणि ऐकणं पिलात कसं येतं? (आईबापाची हाक ऐकताच कोवळं पिलूही जमिनीला चिकटून निपचित बसतं.) याचा उपयोग काय? (टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळलेली, लक्ष दुसरीकडे वळवण्यावरच ती वाचतात.) आणि हे आलं कुठून? (तिच्या नात्यातल्या इतर टिटव्या काय करतात ते बघायचं.) चारही प्रश्नांत 'शुभ की अशुभ' ला कुठे जागा नाही, आणि चारही प्रश्न सातवीच्या मुलाला विचारता येतात.

१९७३ मध्ये लोरेंझ, टिनबर्गन आणि मधमाश्यांचा नाच उलगडणारा कार्ल फॉन फ्रिश यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. या शास्त्राचं जर्मन नियतकालिक १९३७ पासून 'प्राणिमानसशास्त्र' या नावाने निघत होतं; १९८६ पासून त्याचं नाव नुसतं 'एथॉलॉजी'. आता कुणाला अर्थ सांगावा लागत नव्हता.

२३ डिसेंबर

काल जे लिहिलं ते इथेच थांबवता येत नाही.

लोरेंझ १९३८ मध्ये नाझी पक्षात गेला. १९४० च्या एका लेखात त्याने पाळीव जनावरांत उपजत वागणं कसं बिघडतं ते सांगत तोच नियम माणसांवर लावला आणि 'ऱ्हास' पावलेल्यांना वेगळं काढण्याची भाषा केली. जनावराकडे निकाल न देता बघायला शिकवणाऱ्या माणसाने जनावरावरून माणसाचा निकाल दिला. त्याच सुमारास टिनबर्गन हॉलंडमध्ये, ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकल्याच्या निषेधात लायडनच्या प्राध्यापकांबरोबर उभा राहिला म्हणून, १९४२ ते १९४४ नाझींच्या ओलीस छावणीत होता. युद्धानंतर दोघांची मैत्री पुन्हा जुळली. लोरेंझने पुढे खेद व्यक्त केला. त्याच्या मृत्यूनंतर, २०१५ मध्ये, साल्झबर्ग विद्यापीठाने त्याची मानद पदवी काढून घेतली.

निफाडच्या सरांचं मत, हे मुलांच्या पुस्तकात नको. सर, मला उलट वाटतं. एक चौकट द्यायची. शब्द नीतीकडून प्राण्यांकडे आला, याचा अर्थ प्राण्यांवरून माणसाची नीती काढायला परवानगी मिळाली असा होत नाही, हे आठवीच्या मुलाला कळतं. सुगरण पक्ष्यावरून बाईचं काम ठरवणं आणि हंसांवरून माणसांची प्रत ठरवणं, चूक एकाच जातीची आहे. परिणाम मात्र भयंकर वेगळे. बैठकीत बरीच खडाजंगी झाली. शेवटी सर म्हणाले, "सहा ओळी. सातवी नको." सहा ओळी बसवल्या.

५ जानेवारी

मराठी शब्द ठरवायचा आज शेवटचा दिवस.

मी 'चर्या' सुचवला होता. दिनचर्या, ऋतुचर्या यात राहणी आहे, चर् धातू आहे, म्हणजे कुरणाशी नातं आहे. शिवाय 'त्याची चर्या उतरली' म्हणताना चेहऱ्यावरचा भाव आहे. 'प्राणिचर्या' म्हटलं तर ॲरिस्टॉटल, बहुरूपी आणि हाइनरोथ सगळे एका शब्दात येतात. मला तो शब्द अजून मनापासून आवडतो.

पण अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "चर्या म्हनजे तोंड. लोक पक्ष्याचं तोंड बघत बसतील." जो माणूस रोज पोरांना बांधावर नेतो त्याचं ऐकायचं. 'प्राणिवर्तनशास्त्र' ठेवलं, कंसात नागरीत 'एथॉलॉजी', आणि खाली गोठ्यापासूनची गोष्ट आठ ओळींत. 'वर्तन' शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक: चांगली' असं येतं, तेव्हा मॅडमनी एक वाक्य जोडलं: इथे वर्तन म्हणजे प्राणी काय करतो ते, चांगलं-वाईट असा शेरा इथे नसतो.

११ जानेवारी, निफाड तालुका

बिबट्याचं पान राहिलं होतं आणि तेच सर्वांत अवघड. ऊसतोड सुरू आहे. दर हंगामात कुठे ना कुठे सरीत बछडी सापडतात. बातम्यांत भाषा ठरलेली: धुमाकूळ, मुजोर, जेरबंद, अखेर गजाआड. आरोपीची भाषा.

एका वस्तीवर मावशी म्हणाल्या, "बापू, शेळी गेली माझी. तुम्ही म्हनता त्याला दोष देऊ नका. मग कुनाला देऊ?" त्यांच्या तोंडावर मला शास्त्र सांगता आलं नाही, आणि सांगूही नये. शेळीची भरपाई मिळते, त्याचे कागद कसे करायचे, ते आधी बोललो. मग त्यांनीच सांगितलं की वस्तीवरची दोन कुत्री महिन्याभरापूर्वी नाहीशी झाली होती.

हे जुळतं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, ऊस आणि गावं यांच्या मधोमध, बिबट्यांचा अभ्यास केला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे, जंगल नसलेल्या भागात. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे तो 'वाट चुकून' आलेला नाही, तिथेच राहतो, तिथेच वीण करतो. होमरच्या शब्दात सांगायचं तर ऊस हे त्याचं 'एथॉस' आहे. आणि जुन्नर भागात २००१ नंतर पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत. वर्षाला सरासरी चार होते ते सतरावर गेले. गुन्हेगार म्हणून उचलून नेलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं, की ते परत फिरू बघतं, मध्ये माणसं असतात. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं. निकाल चुकला आणि किंमत माणसांनी मोजली. हा शब्द नीतीकडून वागण्याकडे सरकला त्याचं मोल मला पुस्तकांत जेवढं कळलं नाही तेवढं त्या ओसरीवर कळलं.

१८ जानेवारी

बिबट्याच्या पानाचं अंतिम प्रूफ तपासलं. 'चोरटा' गेला, 'मुजोर' गेला. राहिलं ते असं: शेळ्या-वासरांना रात्री वरून बंद असलेला गोठा; वस्तीजवळ उकिरडा आणि कुत्र्यांचा जमाव होऊ देऊ नका; अंधारात शेतात जाताना मोबाइलवर गाणी लावा, उजेड ठेवा, वाकून बसू नका; मुलांना एकटं सोडू नका; ऊस तोडताना बछडी दिसली तर हात लावू नका, घरी नेऊ नका, तोड थांबवून वनविभागाला कळवा, आई रात्री येऊन ती नेते. मावशींच्या सांगण्यावरून भरपाईच्या अर्जाचा एक परिच्छेद वाढवला, त्यासाठी बगळ्याचं चित्र लहान केलं. वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट या मदतवाहिनीचा १९२६ हा क्रमांक पानाच्या तळाला बारीक टाइपात गेला आहे, तो मोठा करायला डीटीपीवाल्यांना उद्या सकाळी फोन करायचा.